नवरा-बायकोसाठी सात दिवस

माझी नात टीव्हीवर प्रश्नोत्तरांचा एक कार्यक्रम बघते. परवा त्यात एका बाईला परदेशातली सहल मिळाली. वरून चमकीचे कागद पडले, बाईचे डोळे भरून आले, नवऱ्याने तिला जवळ घेतलं आणि लगेच जाहिरात लागली. नातीने विचारलं, आजी, आता हे लोक जातील ना? मी म्हटलं, सांगता येत नाही. तिला वाटलं मी गंमत करते आहे. पण अशी सहल मला एकदा मिळाली होती, आणि ती नक्की कोणाला मिळाली हे मला अजून धड सांगता येत नाही.

तेव्हा लग्नाला दीड वर्ष झालं होतं. माझं माहेर आणि सासर दोन्ही भंडाऱ्याकडचं, धानाच्या शेतीतलं. भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता आणि आमच्याकडची शिकली-न शिकलेली पोरं रेल्वेने इकडे येऊन कामाला लागत होती. त्यांतच माझा नवरा. तो भट्टीवर होता. आम्हाला सेक्टर सहामध्ये दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. घरात तिघं जण: तो, मी आणि माझी सासू. तिला मी आत्याबाई म्हणायची. आत्याबाई उंच, हाडापेराने मोठी, आवाजही मोठा. तरणेपणी विधवा झालेली. लोकांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी करून तिने एकुलत्या एका पोराला वाढवलं होतं. तंबाखू-चुन्याशिवाय तिचा दिवस उगवत नसे.

त्या साली एक चहाची कंपनी आमच्याकडे आपला चहा खपवायला आली. बाजाराजवळच्या मैदानात त्यांची गाडी उभी राहायची, भोंग्यावर गाणी लागायची, सगळ्यांना फुकट अर्धा कप चहा मिळायचा. मग त्यांनी जाहीर केलं, की रविवारी बायकांसाठी सवाल-जवाब होईल. चहाच्या पुड्यांचे पाच कागद आणून द्यायचे, नाव लिहायचं, चिठ्ठी निघेल तिने स्टेजवर यायचं. आमच्या घरी चहा फक्त नवराच प्यायचा. बाकीचे कागद आत्याबाईने शेजारपाजारून जमवले. कशासाठी ते तिलाही माहीत नव्हतं. चिठ्ठीवर नाव माझं टाकलं, कारण तिचं नाव लिहायचं तर पुढे अंगठा लागला असता.

चिठ्ठी निघाली. मी स्टेजवर चढले. आम्ही तिघी होतो. दोघी चुकल्या आणि खाली गेल्या. सूट घातलेला एक गृहस्थ माझ्यासमोर माइक धरून हिंदीत काहीतरी बोलला. माइक किंचाळत होता, मला एक शब्द कळला नाही. मी घाबरून आत्याबाईकडे पाहिलं. ती पहिल्याच रांगेत बसली होती आणि तळहातावर अंगठा चोळून मला खूण करत होती. तिची चुन्याची डबी माझ्या कनवटीला राहिली होती, ती तिला पाहिजे होती. मी तिला विचारलं, "चुना?"

ते माइकमध्ये गेलं. सूटवाल्याने माझा हात धरून वर केला. टाळ्या वाजायला लागल्या. तो म्हणाला, "चुना पत्थर, बिल्कुल सही."

प्रश्न असा होता, हे मला नंतर कळलं: भट्टीत लोखंडाच्या दगडाबरोबर आणि कोळशाबरोबर आणखी काय टाकतात? कारखान्याच्या गावात आले म्हणून त्यांनी कारखान्याचा प्रश्न आणला होता. मला हार घातला, एक मोठा पुठ्ठा हातात दिला. त्यावर डोंगर काढला होता. पचमढीला सात दिवस, पती-पत्नी दोघं, सगळा खर्च कंपनीचा, असं भोंग्यावर तीन वेळा सांगितलं.

नवरा दुपारपाळी करून घरी आला तेव्हा तो पुठ्ठा भिंतीशी टेकवून ठेवला होता. त्याने आधी तो पाहिला, मग मला पाहिलं. मी सगळं खरं सांगितलं. मी जिंकले नाही, मी डबीचं विचारत होते, उद्या जाऊन त्यांना सांगून टाकू, असंही म्हटलं. तो जेवायला बसला.

"पण चुनाच टाकतेत ना भट्टीत," तो म्हणाला. "तिकडं अहिवाऱ्याच्या बाजूनं येते तो दगड. म्या सोता पायतो रोज. तू खोटं कुठं बोलली?"

आत्याबाई म्हणाली, चुना तिने मागितला होता, तेव्हा बक्षीस तिचं. ती हसत हसत म्हणाली, पण दोन-तीनदा म्हणाली. मला काय वाटायला हवं ते कळेना. आनंद झाला होता, पण तो आपला आहे की उचलून आणलेला, हे ठरत नव्हतं.

मग दोन महिने काहीच झालं नाही. मला वाटत होतं, कोणीतरी गाडी घेऊन येईल आणि चला म्हणेल. नळावर बायका विचारायच्या, केव्हा जाता वहिनी? आधी कौतुकाने विचारायच्या, नंतर नंतर त्यांच्या आवाजात काहीतरी वेगळंच यायला लागलं. नवरा सायकलने दुर्गला गेला. तिथे त्या चहाचा एजंट होता, किराण्याचं दुकान चालवायचा. तो म्हणाला, आमचं काम चहा विकायचं, बक्षिसाचं पत्र हेड ऑफिसातून येतं. नवरा तीन रविवार गेला. चौथ्या रविवारी पत्र घेऊनच आला.

पत्र इंग्रजीत होतं, दोन पानी. आमच्या ओळीत शेवटच्या क्वार्टरमध्ये रेल्वेच्या नोकरीतून कारखान्यात आलेले एक नागपूरकडचे काका होते, त्यांच्याकडे आम्ही तिघंही गेलो. काका चष्मा लावून एक एक ओळ वाचत आणि तिचा अर्थ सांगत. पहिल्या पानावर अभिनंदन होतं. दुसऱ्या पानावर अटी. रेल्वेचं भाडं नागपूरपासून पुढचं मिळेल, नागपूरपर्यंत आपलं आपण यायचं. उन्हाळ्यात आणि दिवाळीत जाता येणार नाही. जानेवारी संपायच्या आत जायला हवं, आणि महिनाभर आधी तारीख कळवायची. एकदा कळवलेली तारीख बदलणार नाही. सहलीऐवजी पैसे मागू नयेत. सरकारी कर लागला तर विजेत्याने भरावा. कंपनी फोटो काढेल, त्याला नाही म्हणता येणार नाही. आणि सहल फक्त पती-पत्नीसाठी असल्याने लग्नाचा पुरावा सोबत जोडावा.

आत्याबाईने विचारलं, थंड हवेच्या गावाले थंडीत कावून धाडून राहिले? काकांनी पत्र उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, त्याचं कारण काही लिहिलेलं नाही.

आम्हाला जास्त कोडं पडलं ते पुराव्याचं. आमच्या लग्नात फोटोवाला नव्हता. पत्रिका छापली नव्हती, सुपारी फिरवली होती. मंगळसूत्र काही पाकिटात घालून पाठवता येत नाही. शेवटी कचेरीत प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं. आम्ही तिघं एक दिवस दुर्गला गेलो. झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसलेल्या माणसाने लग्नाची तारीख विचारली. मी एक सांगितली, नवऱ्याने दुसरी सांगितली. मी हळदीचा दिवस धरला होता की त्याने वरात परत आली तो दिवस धरला होता, कोण जाणे. टाइप करणारा बोटं वर धरून थांबला होता. तेव्हा आत्याबाई म्हणाली, "हे दोघं नवरा-बायको हाय, मी याची माय हावो, मी सांगून राहिली. तारीख तू टाक कोणतीबी." मग नवऱ्याची तारीख टाकली. खाली तिचा अंगठा घेतला. परत येताना ती अंगठ्यावरची शाई पुसत नव्हती.

तारीख कळवली. जानेवारीचा दुसरा आठवडा. नवऱ्याची रजाही मंजूर झाली. मी दोन लुगडी इस्त्रीला दिली. खरं सांगायचं तर मला त्या डोंगरांचं फारसं अप्रूप नव्हतं. पण लग्न झाल्यापासून आम्ही दोघं कुठेच गेलो नव्हतो. त्याच्या पाळ्या बदलत राहायच्या. एका आठवड्यात तो झोपलेला असताना मी जागी, दुसऱ्या आठवड्यात उलट. घरात आत्याबाई. सात दिवस आपण एकमेकांशी काय बोलायचं, याची मला जरा भीतीही वाटत होती.

निघायला पाच दिवस उरले असताना तो कामावरून आला आणि जोडे न काढताच दारात बसला. नवी भट्टी पेटवायचा दिवस ठरला होता आणि तो आमच्याच आठवड्यात होता. त्याच्या तुकडीतल्या सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या होत्या. सांगताना त्याचा चेहरा मला वाचता येईना. वाईट वाटत होतं, पण नव्या भट्टीवर आपल्याला ठेवलं याचा ताठाही होता. दोन्ही एकाच तोंडावर होतं. मी चिडावं की नाही, हेच मला समजेना.

तो पुन्हा दुर्गला गेला. एजंट म्हणाला, तारीख बदलत नाही, पत्रात लिहिलं आहे. नाहीतर सोडून द्या. मग म्हणाला, तिकिटं दोन माणसांची आहेत, दोन माणसं पाठवा, लॉजवाला काही लग्नाचा पुरावा मागत नाही. घरी येऊन त्याने हे सांगितलं आणि आईकडे पाहिलं. आत्याबाई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, मी बुढी काय करू तिथं. पण सूप तिने खाली ठेवलं होतं.

अशा रीतीने नवरा-बायकोच्या सहलीला मी आणि माझी सासू निघालो. थंडी फार असेल म्हणून नवऱ्याने आपला भट्टीवरचा जुना लोकरी कोट आईला दिला. तो तिच्या गुडघ्यापर्यंत यायचा. वरून त्याचा मफलर. स्टेशनवर तो आम्हाला सोडायला आला तेव्हा कारखान्याच्या वेळेकडे त्याचं लक्ष होतं. गाडी सुटायच्या आधीच तो गेला.

नागपूरला गाडी बदलली, इटारसीला बदलली, पिपरियाला उतरलो आणि तिथून बसने घाट चढलो. लॉजच्या मॅनेजरने कागद पाहिला, आम्हाला पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. मिस्टर कुठे आहेत, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, भट्टी पेटवायला गेले. त्याला काय समजलं ते मला माहीत नाही, पण त्याने किल्ली दिली.

खोलीत एक मोठा पलंग होता आणि त्यावर दोन उशा. आत्याबाई जमिनीवर झोपते म्हणाली. पण फरशी बर्फासारखी होती, म्हणून शेवटी आम्ही दोघी त्या पलंगावर झोपलो, मधे हातभर जागा सोडून. सकाळी दार वाजलं. एक माणूस ट्रेमध्ये चहा घेऊन उभा होता. आत्याबाई धडपडून उठली आणि डोक्यावर पदर घेऊन भिंतीशी उभी राहिली, जणू तिच्या घरी कोणी अधिकारी आला होता. चहा पिऊन झाल्यावर तिने कप विसळायला पाणी शोधलं. मी म्हटलं, ते लोक धुतात. ती म्हणाली, "मंग आपुन काय करावं?"

हाच प्रश्न सात दिवस होता. जेवण तयार असायचं. पाणी भरलेलं असायचं. लॉजमध्ये दुसरं कोणीच उतरलं नव्हतं. थंडी अशी की दुपारीसुद्धा बोटं वळत नसत. लोक इथे येऊन काय करतात, असं मी मॅनेजरला विचारलं, तर तो म्हणाला, फिरतात, बघतात. मग आम्ही फिरलो आणि बघितलं. धूपगडावर गेलो. तिथून खाली दरी, पलीकडे डोंगर, त्याच्या पलीकडे डोंगर. आत्याबाई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, यात बांधी कुठंच दिसत नाही, लोक खातेत काय. तिसऱ्या दिवशी मी अंघोळ करून आले तर ती व्हरांडा झाडत होती. झाडू तिने मागून आणला होता. मॅनेजर ओशाळून उभा होता. मी तिला आत घेऊन गेले, तेव्हा ती म्हणाली, "पोरी, मले कोणी बसल्या जागी वाढलं नाही आजवर. घास उतरत नाही." तिचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. मी तिच्याजवळ बसले. मग तिने स्वतःच तिच्या लग्नाचं सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं. तो फक्त चार वर्षं होता. त्याचा चेहरा आता तिला आठवत नव्हता. फक्त तो विहिरीवर अंघोळ करताना खोकायचा, तेवढं आठवत होतं. दीड वर्षात आम्ही दोघी इतकं कधी बोललो नव्हतो.

पाचव्या दिवशी फोटोवाला आला. कंपनीने त्याला पिपरियाहून पाठवलं होतं. व्हरांड्यात टेबल मांडलं, पांढरी चादर घातली, किटली ठेवली. त्याच्याजवळच्या कागदावर लिहिलं होतं: पती-पत्नी चहा पिताना. त्याने विचारलं, पती? मी पुन्हा भट्टीचं सांगितलं. तो कपाळाला हात लावून बसला. असा फोटो नेला नाही तर त्याला मजुरी मिळणार नव्हती. मॅनेजर म्हणाला, हरकत नसेल तर मी बसतो, फोटोपुरता. तो आत जाऊन भांग पाडूनही आला.

आत्याबाई तेव्हा पायरीवर उभी होती. तिला हिंदी पुरतं कळत नसे, पण हे कळलं. ती वर आली आणि मॅनेजरच्या आणि खुर्चीच्या मधे उभी राहिली. म्हणाली, "माह्या सुनेच्या बाजूले परका माणूस बसन नाही."

फोटोवाला तिच्याकडे पाहत राहिला. गुडघ्यापर्यंत कोट, डोक्यावरून आणि हनुवटीखालून गुंडाळलेला मफलर, उंच, रापलेला चेहरा. त्याने मला हळूच काहीतरी विचारलं. आत्याबाई म्हणाली, काय म्हणते तो? मी म्हटलं, तो म्हणतो तुम्ही बसा, तुमच्या लेकाच्या जागी. मला वाटलं ती त्याला शिव्या घालील. तिने अंगावरच्या कोटाकडे पाहिलं.

"लेकाचा कोटच हाय अंगात," ती म्हणाली. "बसाले काय जाते."

ती बसली. लुगड्याचे सोगे टेबलाच्या चादरीखाली गेले. फोटोवाल्याने तिला कप तोंडाशी धरायला सांगितलं, मला तिच्याकडे बघून हसायला सांगितलं. मी हसले. ते हसू खरं होतं की खोटं, मला विचारू नका. रडूही येत होतं.

आम्ही परत आलो तेव्हा भट्टी पेटली होती. नवऱ्याच्या भुवया जरा करपल्या होत्या आणि तो खुशीत होता. तो आम्हाला भट्टीचं सांगत होता, आत्याबाई त्याला पचमढीचं सांगत होती, दोघंही एकदमच बोलत होते. फोटोची गोष्ट आम्ही दोघींनी सांगितली नाही. ठरवून नाही, पण नाही सांगितली.

महिनाभराने कंपनीचं पत्र आलं. सोबत एक छापील कागद होता. त्यावर आमचा फोटो, आणि खाली हिंदीत लिहिलेलं, भिलाईचं सुखी दांपत्य. नवऱ्याने तो कागद उजेडात नेऊन पाहिला. मी चुलीकडे तोंड करून बसले. त्याने विचारलं, "हा कोण होय?" आत्याबाई म्हणाली, "तू होय." मग तिने सगळं सांगितलं. तो रागावला नाही. हसलाही नाही. त्याने तो कागद पुन्हा पाहिला आणि म्हणाला, कोट बराबर वळखू येते.

पत्रात आणखी एक मागणी होती. विजेत्या पतीने आपल्या हाताने चार ओळी लिहून पाठवाव्यात, सहल कशी झाली ते. न पाठवल्यास पुढे काय, ते लिहिलेलं नव्हतं. आम्हाला वाटलं, न पाठवल्यास भाडं परत मागतील. म्हणून तो लिहायला बसला. आत्याबाई सांगत गेली, तो हिंदीत उतरवत गेला. मी आणि माझी पत्नी धूपगडावर गेलो. मी आणि माझी पत्नी रोज सकाळी चहा प्यायलो. मधे एकदा तो थांबला आणि मला म्हणाला, "खरंच येवढी थंडी होती का तिथं?" मी होती म्हटलं. त्याने तेही लिहिलं.

भाडं कोणी परत मागितलं नाही. कराचंही काही आलं नाही. पुढे मुलं झाली, पाळ्या चालू राहिल्या, पचमढीला जाणं काही झालं नाही. आत्याबाई गेली त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली.

ती गेल्यानंतरची गोष्ट. नागपूरहून पाहुणे आले होते, त्यांच्यातलं एक जोडपं पचमढीला जायचं म्हणत होतं. माझा नवरा त्यांना सांगायला लागला. इटारसीला गाडी बदला, पिपरियाला उतरा, धूपगडावर सकाळी जा, वारा असा असतो की कप धरलेला हात कापतो. सगळं बरोबर सांगत होता. पाहुण्यांनी विचारलं, तुम्ही केव्हा गेला होता? तो म्हणाला, लग्नाच्या नवलाईत, आम्ही दोघंच.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मी आत जाऊन चहा टाकला. टाकता टाकता माझ्या मनात आलं, की आम्ही धूपगडावर उभे होतो तेव्हा तो नेमका कुठे उभा होता. मला त्याची जागाही आठवायला लागली, कठड्याच्या जरा अलीकडे, उजव्या बाजूला.